संध्याकाळी येते म्हणाली

फोन वाजला तेव्हा मी ओसरीत एका पाणबुडी मोटारीचं जळकं वाइंडिंग उकलत बसलो होतो. आमच्या घरात फोन उचलायचं काम माझं कधीच नव्हतं. ते महानंदाचं, माझ्या बायकोचं. मी घरात असलो तरी वाजू द्यायचो, ती चुलीपुढून उठून यायची आणि उचलायची. त्या दिवशीही वाजू दिला. मग ध्यानात आलं की ती घरी नाही, सकाळीच धर्मापुरीच्या जुन्या देवळाला गेलीय. हात तसेच काळे, मी उचलला. गफूर बोलत होता, आमच्या सिरसाळ्याचाच जीपवाला. म्हणाला, "मिस्त्री, बाई देवळातून खाली आल्या, जीपला टेकून बसल्या. पाणी मागितलं. मी पाणी घेऊन येऊस्तोर..." पुढं बोलेना. मी म्हणालो, "मी येतो." तर म्हणतो, "तुमी कावून येता... तुमी नका येऊ मिस्त्री. मी आणतो बाईंला. संध्याकाळपर्यंत आणतो." मी फोन ठेवला आणि परत वाइंडिंग उकलायला बसलो. माणसं म्हणतात अशा वेळी छाती फुटते. माझं काही फुटलं नाही. तांब्याची तार हातात येत होती आणि मी ती गुंडाळत होतो, एवढंच आठवतंय.

तिला आणलं तेव्हा दिवे लागायची वेळ होती. गफूरनं रोजच्यासारखा दारात भोंगा वाजवला. सवयीनं वाजवला असेल, मग स्वतःच स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला मळ्यात ठेवली. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. आमचा एकच मुलगा, शिवा, अमेरिकेत. त्याला यायला आठवडा लागला. आला, मळ्यात जाऊन बसला, माझ्यासंगं जेवला, परत गेला. जाताना आईच्या कॉम्प्युटरवर तिनंच शिवलेलं फडकं झाकलेलं होतं, ते त्यानं उचलून बघितलं नाही. मीही त्याला बघ म्हणालो नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिणं माझं काम नाही. पण महानंदाबद्दल गावात जो तो आपलं आपलं सांगतोय आणि त्या कॉम्प्युटरातली गोष्ट कुणालाच माहीत नाही, म्हणून लिहितोय.

ती लग्न होऊन आली तीच नोकरी घेऊन आली. टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर. एक्स्चेंज म्हणजे एक खोली, भिंतीला बोर्ड, बोर्डाला भोकं, आणि दोरीच्या टोकाला पिना. तुम्ही फोन उचलला की तिचा आवाज यायचा, "बोला." तुम्ही माणसाचं नाव सांगायचं, ती पिन घालायची. नंबर कुणाला पाठ नव्हते, लागतही नव्हते. आणि नुसती पिन घालून ती मोकळी व्हायची नाही. कुणी डॉक्टर मागितला तर म्हणायची, "डॉक्टर चकलांब्याला गेलेत सासुरवाडीला, दुपारच्या गाडीनं येतील. काय सांगायचं त्यांना?" समोरचा निरोप सांगायचा. ती म्हणायची, "सांगते," आणि पिन काढायची. तिचं म्हणणं असं की नंबर कुणीबी देईल, माणूस जाग्यावर हाय का न्हाई, कवा येणार, हे सांगितलं तर ते एक्स्चेंज. आणि तिचा एक कायदा होता. येतो म्हणून सांगून गेलेला माणूस आला की न्हाई हे आपण बघायचं. आला की 'आला' म्हणून सांगून निरोप मोडायचा. तोवर तो तसाच ठेवायचा, दुसऱ्याच्या ड्युटीतसुद्धा.

चहाच्या गाड्यावर माझी चेष्टा व्हायची. "बे मिस्त्री, तुझी बायको दिवसभर परक्या माणसांशी बोलती. गावातल्या साऱ्या भानगडी ठाव असत्याल तिला."

"तिलाच इचार की."

"इचारलं. म्हणली लाईन बिझी हाय."

माझ्याशीसुद्धा तिचं तसंच. माझ्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानात काम पडलं की मी तिथून फोन उचलायचो. "बोला." मी म्हणायचो, "मिस्त्री बोलतोय. दुपारी जेवायला येत न्हाई म्हणून घरी सांगा." आता घर म्हणजे तीच, दुसरं कोण होतं घरात. पण हसली नाही कधी, ओळख दाखवली नाही. "सांगते." मी म्हणायचो, "बरं बाई." आणि घरी गेलं की माझं ताट झाकलेलं असायचं. तिनं एक्स्चेंजातला निरोप घेऊन जाऊन स्वतःला सांगितलेला असायचा.

मग तो जमाना आला की रोज काही तरी नवीन. गावात पिवळ्या पाट्यांचे फोनबूथ निघाले, रंगीत टीव्ही आले, माझ्याकडं परदेशी पंपाच्या मोटारी यायला लागल्या, ज्यांचं वाइंडिंग उलट्या अंगानं असायचं. एक्स्चेंजात आपोआप चालणारी मशीन बसली. बोर्ड काढून व्हरांड्यात ठेवला, त्याच्या भोकांत पावसाळ्यात गांधीलमाशांनी घरटी केली. महानंदाला तक्रारीच्या टेबलावर बसवलं. पगार तोच, आराम जास्ती. पण त्या दिवसापासून ती घरात कमी बोलायला लागली. मला वाटलं, बरं झालं. खरं सांगायचं तर एवढंच वाटलं.

शिवा इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला. पहिल्यांदा सुट्टीला आला तेव्हा आईला कॉम्प्युटर घेऊन आला. तोवर ती रिटायर झालेली. फोनच्या तारेतूनच ते इंटरनेट यायचं, आधी किरकिर करायचं, मग शीळ घालायचं, मग लागायचं. शिवानं आमच्या आडनावाचं एक नाव तिकडं नोंदवलं होतं. तो तिला सांगत होता आणि मी ओसरीतून ऐकत होतो. "आई, जगातल्या सगळ्या मशिनींना नंबर हायेत. पण माणसाला नंबर ध्यानात राहत न्हाई, म्हणून नाव. नाव इचारलं की नंबर सांगणारी मशीन वेगळी असते. तुझं एक्स्चेंजच हाय हे."

ती म्हणाली, "आणि निरोप?"

शिवा म्हणाला, "हाय की. नावापाशी नंबराशिवाय दोन ओळी मजकूर ठेवता येतो. जो कुणी ते नाव इचारंल त्याला तो मजकूर मिळतो. लोक ते दुसऱ्याच कामाला वापरतात, पण ठेवता येतो."

"आरं मग हेच शिकव की. बाकी र्‍हाऊ दे."

आणि ती ते शिकली. पर्ल म्हणून एक भाषा आहे, मशीनला हुकूम लिहून ठेवायची. शिवानं तिला चार ओळी करून दिल्या, पुढच्या तिनं वाढवल्या. त्या लिहून ठेवलेल्या हुकमांनाही आम्ही पर्लच म्हणायचो. ईमेल तिला आवडला नाही. म्हणायची, "पत्र गेलं की पोराच्या मानेवर उत्तराचं ओझं. हे नुसतं ठेवायचं. त्याला सवड झाली की इचारंल." शिवाच्या हापिसात बाहेरचं बाकी सगळं बंद असायचं, पण नाव विचारायला बंदी नव्हती. त्यामुळं तो कामात बसल्या बसल्या एक ओळ टाईप करायचा आणि त्याला कळायचं: बाबा दुकानात, आई बाजारात, भेंडीची भाजी, सगळं ठीक.

सुरुवातीला घोळ झाला. तिनं प्रत्येक वाक्याची वेगळी नोंद केली. आणि ती उत्तर देणारी मशीन नोंदी कधी या क्रमानं तर कधी त्या क्रमानं देते, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं लिहिलं होतं की शेजारच्यांची म्हैस मेली, धाकट्या पुतणीचं लग्न ठरलं, सगळे लई खूश हायेत. शिवाचा तिकडून फोन. "आई, म्हैस मेली म्हणून सगळे खूश कावून हायेत?" त्या दिवशी ती इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. एक्स्चेंज सुटल्यापासून ती तशी हसलेली मी बघितली नव्हती. मग तिनं पर्ल दुरुस्त केली. सगळी वाक्यं एकाच नोंदीत, ओळीनं. लांबली तर तुकडे, पण एकामागं एक.

मी तिच्यामागं खुर्ची टाकून बसायचो. मला इंग्रजी अक्षरं येतात, मोटारीच्या पाट्यांवर असतात ती. ती मराठीच लिहायची, अक्षरं इंग्रजी. तिची पर्ल सुरू केली की काळ्या पडद्यावर पहिला शब्द उमटायचा, "बोला." तिनंच तसं करून ठेवलं होतं. ती नाव टाकायची. मग यायचं, "काय सांगायचं?" ती मजकूर टाकायची. शेवटी, "सांगते." मी म्हणालो, "सोतालाच सांगून सोताच सांगते म्हणती व्हय?" ती म्हणाली, "तुमी दुकानातून काय करत व्हता?"

अजून एक तिनं सांगितलेलं होतं, जे मी कान देऊन ऐकलं नाही. खरी यादी, म्हणजे नाव आणि नावापाशी ठेवलेला मजकूर, पुण्याला एका मशिनीत, शिवाच्या दोस्ताच्या कचेरीत. तिची नक्कल हैदराबादला दुसऱ्या मशिनीत, एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून. विचारणाऱ्याला दोघींपैकी कुणीही उत्तर देते. आता नक्कलवालीला कसं कळायचं की खऱ्या यादीत काही बदललं? तर यादीच्या डोक्यावर एक आकडा असतो. मजकूर बदलला की तो आकडा वाढवायचा. नक्कलवाली फक्त तो आकडा बघते. वाढलेला दिसला तर नवीन यादी उचलते, नसला तर जुनीच धरून बसते. महानंदा म्हणायची, "कचेरीतला शिपाई हाय मेला. आत काय लिहिलंय ते वाचत न्हाई, वरचा शिक्का बघतो." तिची पर्ल तो आकडा आपोआप वाढवायची. म्हणून मला वाटलं, मला काय करायचंय.

धर्मापुरीला निघाली त्या सकाळी चहा उकळत ठेवून ती कॉम्प्युटरवर बसली होती. मी म्हणालो, "गफूर भोंगा वाजवतोय." ती म्हणाली, "निरोप ठेवते आणि निघते." ठेवला आणि निघाली. जाताना मला वेगळं काही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही कवा येणार. ते तिकडं लिहिलेलं होतंच.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी शिवाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "बाबा, ते बदला."

"काय?"

"आईनं ठेवलेलं. मी रोज इचारतो. रोज तेच येतंय."

"कावून इचारतोस मग?"

"सवय हाय."

"तूच बदल की. तुला येतंय सगळं."

मग म्हणाला, "माझ्यानं होत न्हाई."

मी म्हणालो, "मी करतो." फडकं काढलं, कॉम्प्युटर लावला. तिनं विचारायची एक छोटी पर्ल करून ठेवली होती, तिचं नाव 'विचार'. ती चालवली. इंग्रजी अक्षरं जोडून जोडून वाचली. धर्मापुरीला जाते. देवाला. बाबांनी गोळी घेतली. संध्याकाळी येते.

मग तिची निरोपाची पर्ल चालवली. पडद्यावर आलं, "बोला." मी भिंतीतला प्लग उपटला.

दुसऱ्या दिवशी शिवाला म्हणालो, तिच्या पर्लनं नको, दुसरी वाट सांग. त्यानं फोनवर एक एक अक्षर सांगितलं, मी कागदावर चितारलं, आणि फोन ठेवून इंटरनेट लावून तसंतसं केलं. खऱ्या यादीत हातानं शिरलो. तिची ओळ पुसली. तिथं लिहिलं: आई गेली. बाबा बरे हायेत. पुसताना एक एक अक्षर मागून पुसलं जातं. शेवटचा शब्द 'येते', तो आधी गेला.

मला वाटलं, सुटलो.

दोन दिवसांनी शिवा. "बाबा, तुमी परत काही केलं का?"

"न्हाई. का?"

"सकाळी इचारलं तर आई गेली असं आलं. आता इचारलं तर..." मला पुढचं कळलं होतं. तरी तो बोलला. "आता म्हणती संध्याकाळी येते."

मी इथून विचारलं. आई गेली. चूळ भरून आलो, चहा केला, परत विचारलं. संध्याकाळी येते.

तेव्हा मला आकड्याचं काहीच आठवलं नाही. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो. मी भुताखेताला मानत नाही. विहिरीत उतरून मोटारी काढलेला माणूस आहे, अंधाऱ्या पाण्यात पाय सोडून बसलोय. पण त्या ओळीपुढं माझ्या मानेवर काटा आला. आणि काटा आला तरी मी परत विचारलं. परत 'गेली'. परत विचारलं. येते.

पुढचे दिवस कसे गेले ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. सकाळी उठलो की विचारायचो. 'गेली' आलं तर दुकानात जायचो. 'येते' आलं तर जात नव्हतो. घर झाडायचो. भात जास्तीचा टाकायचो. दिवेलागणीला दाराची कडी काढून ओसरीत बसायचो आणि जीप दिसली की उभा राहायचो. गफूरनं माझ्या गल्लीतून भोंगा वाजवणं सोडून दिलं, त्याला काय दिसलं असेल माझ्या तोंडावर कुणास ठाऊक. एकदा त्यानं जीप थांबवली. "मिस्त्री, कुणाची वाट बघताय?" मी म्हणालो, "गिऱ्हाईक यायचंय." तो म्हणाला, "मग आत बसा की. गिऱ्हाईक काय, दार वाजवंल." पण गेला नाही, जीप बंद करून माझ्यापाशी पायरीवर बसून राहिला. त्याला वाटलं, आपण मिस्त्रीला समजवायला बसलोय. मला वाटलं, ह्यानंच आणली होती, आता ह्याच्याच जीपमागं लागून येईल.

मग शिवाचा फोन आला तो रडका. पोरगं लहानपणीही रडलं नाही, आता मोठ्या हुद्द्यावर बसून रडत होतं. "बाबा, मी कामच करत न्हाई. दिवसभर इचारत राहतो. गेली आलं की वाटतं अजून एकदा इचारू. येते आलं की बरं वाटतं... आणि मग लई वाईट वाटतं. तुमी कसे हाय ते मला कळतच न्हाई. तुमचा निरोप अर्धाच पोचतोय." मी त्याला सांगितलं नाही की मीही तेच करतोय. पण ध्यानात आलं. दोन टोकाला दोघं बाप-लेक बसून त्या बाईला रोज संध्याकाळी यायला लावतोय. तिला ना घरात येऊ देतोय ना मळ्यात बसू देतोय. आणि पोरगं तिकडं वाळत चाललंय.

म्हणालो, "असं का होतंय, ते सांग." तो नाक ओढत म्हणाला, "तुमी आकडा वाढवला नसंल, बाबा. पुण्याची मशीन तुमचं सांगते. हैदराबादची अजून आईचं धरून बसलीय. मी तुमाला सांगायला इसरलो. आईची पर्ल आपोआप करायची ना, मलाबी ध्यानात न्हाई राहिलं." तेव्हा तो शिपाई आठवला, शिक्का बघणारा. भूत बीत काही नव्हतं. वाईट वाटलं. भूत असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

तो म्हणाला, "मी आकडा सांगतो, तुमी हातानं वाढवा."

मी म्हणालो, "नको. तिच्याच पर्लनं करतो."

दुपारची लाईट गेलेली होती. यायची वाट बघत मी कॉम्प्युटरपुढं बसलो. काचेत माझंच तोंड दिसत होतं. मनात तोच कायदा घोळत होता. येते म्हणून सांगून गेलेलं माणूस आलं की न्हाई ते आपण बघायचं. आलं तर निरोप मोडायचा, तोवर ठेवायचा. आणि मला कळलं की मी जे लिहिलं होतं ते तिनं चालवून घेतलं नसतं. ती आल्याचं मी कुठं सांगितलंच नव्हतं. आणि ती तर आली होती. बोलल्याप्रमाणं आली होती, संध्याकाळी, गफूरच्या जीपमधून. दारात भोंगा वाजला होता. मी हातानं उतरवून घेतली होती.

लाईट आली. तार किरकिरली, शीळ घातली, लागली. मी तिची पर्ल चालवली.

बोला.

मी प्लगकडं हात नेला नाही. ती टाकायची तसं आमच्या आडनावाचं नाव टाकलं.

काय सांगायचं?

एका बोटानं, अक्षर शोधत शोधत टाकलं. आई संध्याकाळी आली. मळ्यात हाय. बाबा घरी, भाकरी करून खातात. मग थांबलो. अजून काही सांगायचं होतं का... असलं तर ते शिवाला सांगायचं नव्हतं. बटण दाबलं.

आकडा तिचा तिनंच वाढवला. मला दिसलंही नाही.

त्यानंतर विचारलं तर तेच आलं. संध्याकाळी परत विचारलं, तेच. शिवाचा फोन आला, "मिळालं," म्हणाला आणि भाकरीसंगं खायला काय होतं ते विचारलं. आता दुकान बंद करून आलो की मी रोज बसतो. पोराला कळवायला काही तरी लागतंच. कांदे लावले, गफूरची जीप बिघडली, मळ्यात बेलाचं रोप लावलंय, धरलंय. लिहून झालं की बटण दाबतो आणि खाली उमटतं.

सांगते.

दुकानातून म्हणायचो तसं मी म्हणतो, "बरं बाई." मग उठून कॉम्प्युटरवर फडकं टाकतो, आणि दाराला कडी लावतो.